तुमच्यासाठी काय आणू?

इंग्रजी संभाषण शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा. ओळख करून देणं, वेळ विचारणं, पत्ता सांगणं झालं की पाच-सहा धड्यांच्या आत रेस्टॉरंट येतंच. एक टेबल, हातात वही घेतलेला वेटर आणि मेनूकार्डावरून नजर फिरवणारं गिऱ्हाईक. वेटर विचारतो, ‘व्हॉट वुड यू लाइक टू हॅव, सर?’ गिऱ्हाईक सांगतं, ‘अ कप ऑफ टी, प्लीज.’ चहा येतो, बिल येतं, धडा संपतो.

आमच्या मिरजेच्या मोहल्ल्यात ज्या घरांत छापील म्हणून फार काही नसे तिथंही फळीवर रॅपिडेक्सचं जाडजूड पुस्तक सापडे. दुबई, मस्कत, कुवेतला जायच्या तयारीत असलेल्या पोरानं ते आणलेलं असे. ही पोरं रात्री गच्चीवर बसून हाच धडा घोकत. पण त्यांचं पाठांतर फक्त वेटरच्या वाक्यांचं! ‘येस सर’, ‘जस्ट अ मिनिट सर’, ‘एनिथिंग एल्स सर?’ गिऱ्हाइकाची वाक्यं ती सोडून देत. ती कधी लागतील असं त्यांना वाटतच नसे. आणि त्यांच्या आया-बहिणींना तर दोन्ही बाजूंची वाक्यं लागणार नव्हती, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. २००० साली महाराष्ट्रात सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. मग दोन-तीन वर्षांत मोहल्ल्यातल्या आया माझ्या दारात येऊ लागल्या. ‘आपा, पोरगी विचारते आणि आम्हाला येत नाही. निदान घरचा अभ्यास घेण्यापुरतं तरी शिकवा.’ त्यातून २००४ च्या सुमारास जोहरच्या नमाजनंतरचा माझा वर्ग सुरू झाला. जुन्या वाड्याची पडवी, एक फळा आणि चटईवर बसलेल्या दहा-बारा जणी. कुणी सातवी शिकलेली, कुणी चौथीतून काढलेली. एक खाला पन्नाशीच्या पुढच्या. त्या आधी केवळ नातीला सोबत म्हणून येत, मग पाटी घेऊन बसू लागल्या.

खाण्यापिण्याचे धडे मी मुद्दाम आधी घेतले. स्वयंपाकघर हा त्यांचा हातखंडा विषय. तिथं कुणी त्यांना अडाणी म्हणणार नाही, असा माझा हिशेब. आणि खरोखरच शब्दांच्या बाबतीत त्यांनी मला दमवलं. पहिली अडचण ‘हॉटेल’ शब्दापाशीच आली. आपल्याकडं चहा प्यायचं ते हॉटेल. इंग्रजीत मुक्काम करायचा ते हॉटेल. मग मिरज स्टेशनबाहेरच्या पाट्यांवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ का लिहितात? लॉजिंग म्हणजे राहणं, बोर्डिंग म्हणजे जेवण, असं सांगितल्यावर एक भाभी म्हणाल्या, ‘म्हणजे माझं माहेर लॉजिंग आणि सासर बोर्डिंग. फक्त बोर्डिंगात स्वयंपाकही मीच करते!’

दुसरी अडचण तांदळाची. शेतातला भात, पोत्यातला तांदूळ, ताटातला भात, सगळं इंग्रजीत ‘राइस’. ‘एवढी मोठी भाषा, आणि कच्च्या-शिजलेल्यातला फरक कळत नाही?’ असा खालांचा सवाल. वर तो मोजायचाही नाही. ‘टू राइस’ चालत नाही, ‘टू प्लेट्स ऑफ राइस’ म्हणायचं. ‘हॉट’ म्हणजे गरमही आणि तिखटही. रश्श्यात तर्री जास्त असेल तर नेमकी तक्रार कशाची करायची? तिथं ‘स्पायसी’ कामाला येतो. ‘मटण’ म्हटलं की आपल्यासमोर बोकड उभा राहतो, इंग्रजाच्या समोर मेंढी. वांग्याला इथल्या इंग्रजीत ‘ब्रिंजल’, विलायतेत ‘ऑबर्जिन’, अमेरिकेत ‘एगप्लँट’. आपलं ‘पार्सल’ तिकडं टपालानं जातं. खाणं बांधून हवं असेल तर ‘टेकअवे’ म्हणायचं.

वर्गात पहिल्यांदा जीव आला तो मात्र वेगळ्याच गोष्टीनं. इंग्रजीतल्या खाण्यापिण्याच्या कितीतरी शब्दांचा प्रवास मी फळ्यावर मांडला. संस्कृत शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली, आणि युरोपात फिरत फिरत ‘शुगर’ झाली. ‘लेमन’ अरबी-फारसीतल्या लैमूनमधून, ‘कॉफी’ कहव्यातून. ‘शर्बेट’ तर आपलंच सरबत आणि ‘सिरप’ त्याचं सख्खं भावंड. ‘अल्कोहोल’ हा शब्द अरबी ‘अल-कुहल’वरून, म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्यावरून आला, हे सांगितलं तेव्हा तर पदर तोंडाला लावून सगळ्या खो-खो हसल्या. हसण्यातून एक गोष्ट झाली. ही भाषा साहेबाच्या बंगल्यातून आलेली नाही, तिच्या डब्यांत आपल्याही घरचं पीठ-मीठ आहे, हे त्यांना पटलं. भीती निम्मी झाली.

त्यांना मी शेख दीन मुहम्मद यांची हकिकतही सांगितली. १७५९ साली पाटण्यात जन्मलेला हा माणूस कंपनीच्या फौजेबरोबर वाढला, आयर्लंडला गेला. १७९४ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक छापलं. हिंदी माणसानं इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढलं. वेताच्या खुर्च्या, हुक्का आणि आपल्याकडचं कालवण. धंदा चालला नाही, १८१२ मध्ये दिवाळं निघालं. पण त्या जागेजवळ २००५ साली लंडनकरांनी त्यांच्या नावाची पाटी लावली. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजाला मेनूकार्डावरचे शब्द समजावून सांगणारा आपल्यातलाच एक जण होता, हे ऐकून खाला म्हणाल्या, ‘मग आपण एवढ्या का घाबरतो गं?’

शब्द झाले, आता वाक्यं. आवडीनिवडीचा धडा. माझ्या शाळेतली मुलं तृतीय पुरुषी एकवचनी कर्त्याच्या क्रियापदाला ‘एस’ लावायला दहावीपर्यंत विसरतात. ‘ही लाइक’ लिहून गुण घालवतात. या बायका तो ‘एस’ दोन दिवसांत शिकल्या. ‘ही लाइक्स मटण.’ ‘ही डझन्ट लाइक ब्रिंजल.’ ‘माय सन लाइक्स ऑम्लेट.’ ‘माय फादर-इन-लॉ लाइक्स लेस सॉल्ट.’ वाक्यांमागून वाक्यं, न अडखळता. कुणाला कितपत मीठ, कुणाला कडक पोळी, कुणाला साय चालत नाही, सारी माहिती तोंडपाठ. मी खूश झाले. मग म्हटलं, आता प्रथमपुरुषी घेऊ. तो तर सोपा, ‘एस’सुद्धा लागत नाही. ‘व्हॉट डू यू लाइक?’

पडवीत शांतता पसरली.

मला वाटलं प्रश्न समजला नाही. दखनीत विचारला, मराठीत विचारला. एकीनं दुसरीकडं पाहिलं. एक म्हणाली, ‘बच्चोंकू जो पसंद हय, वोच.’ दुसरीनं नवऱ्याचा आवडता पदार्थ सांगितला. खालांचा नंबर आला. त्या पाटीवर बोट फिरवत म्हणाल्या, ‘मेरेकू कौन पुछ्या, आपा? जो बच्या सो खाती मैं.’ जे उरेल ते. त्यात तक्रार नव्हती. चंद्र रात्री उगवतो, तितक्या साधेपणानं त्या ते म्हणाल्या.

ही गोष्ट फक्त आपल्याच घरांतली नाही. शेजारच्या गल्लीतल्या हिंदू घरांतही बाई शेवटीच बसते, तव्यावरची शेवटची भाकरी तिचीच. पण दुसऱ्याकडंही तसंच आहे म्हणून आपलं बरोबर ठरत नाही. दस्तरख्वान अंथरणारी, उचलणारी तीच. तिथं बसण्याचा तिचा नंबर मात्र पातेल्याचा तळ दिसू लागल्यावर.

त्या दिवसापासून मला व्याकरणाकडंही निराळ्या नजरेनं बघता येऊ लागलं. मराठीत आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो, ‘मला चहा पाहिजे’ म्हणतो. दखनीत तर ‘मेरेकू चा होना’. भूक आपल्याला येऊन लागते, चहा आपल्यासाठी असायला हवा असतो. आपण स्वतः मागं उभे. इंग्रजीत ती सोय नाही. ‘आय’ पहिल्यांदा उच्चारायचा, मगच पुढचं. ‘आय अॅम हंग्री.’ ‘आय वुड लाइक.’ या बायका ‘टी’ म्हणायच्या, ‘प्लीज’ म्हणायच्या, पण ‘आय’पाशी जीभ अडायची. एवढंसं अक्षर, पण त्याच्यामागं लपायला जागा नाही.

‘प्लीज’चीही एक गंमत. आपल्याकडं ‘दे’ आणि ‘द्या’ यांतच मान-अपमान ठरतो. इंग्रजीत क्रियापदाला असं काही वळण नाही, तू-तुम्हीचा भेद नाही. म्हणून ‘वुड यू’, ‘कुड आय’, ‘प्लीज’, ‘थँक यू’ ही सगळी ठिगळं लावावी लागतात. हे कळल्यावर एकीनं विचारलं, ‘म्हणजे वेटरलाही तोच यू, आणि साहेबालाही तोच?’ होय, तोच. तिला ते फार आवडलं.

पुढच्या आठवड्यात एका भाभींनी शंका काढली. खाण्यात आवड-नावड करणं म्हणजे अल्लाहच्या नेमतीची नाशुक्री नव्हे का? प्रश्न प्रामाणिक होता आणि पडवीतल्या सगळ्यांच्याच मनात होता. मी त्यांना हदीसचीच आठवण दिली. पैगंबरसाहेबांनी (स.) कधी अन्नाला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाही आवडलं तर ठेवून दिलं. म्हणजे आवड-नावड होती. अन्नाची निंदा नव्हती. एकदा त्यांच्यापुढं वाळवंटातल्या घोरपडीसारख्या प्राण्याचं भाजलेलं मांस आलं. त्यांनी हात मागं घेतला. हे हराम आहे का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की नाही, पण माझ्या मुलखात हे नसतं, मला रुचत नाही. आणि शेजारी बसलेल्या खालिद बिन वलीद यांनी ते तिथंच आवडीनं खाल्लं. ‘नो, थँक यू’ याहून चांगलं कसं शिकवणार? स्वतःची नावड सांगितली, पण दुसऱ्याच्या ताटाला धक्का लावला नाही.

‘नो’ शिकवणं मात्र ‘येस’पेक्षा अवघड गेलं. आपल्याकडं पाहुण्यानं तीनदा ‘नको’ म्हणायचं आणि यजमानानं चौथ्यांदा वाढायचं, हा रिवाज. इंग्रजीत एकदा ‘नो, थँक यू’ म्हटलं की ताट गेलंच! आणि आपल्या माणसाला तर हा ‘नो’ नेमका, वेळेवर म्हणता यायला हवा. हॅम, बेकन ही नावं वाचून कुणाला डुकराची शंका येणार? पेपरोनी, सॉसेज, सलामीत ते असू शकतं. उलट ‘हॅम्बर्गर’मध्ये हॅम नसतं, ते नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून पडलेलं. जेलीतलं जिलेटिन कशाचं, केकमध्ये रम आहे का, हे प्रश्न रॅपिडेक्समध्ये नव्हते. ते आम्ही फळ्यावर तयार केले. ‘इज द मीट हलाल?’ ‘इज देअर एनी अल्कोहोल इन इट?’ हलाल हा शब्द आता इंग्रजी शब्दकोशांतही आहे. तो उच्चारताना आवाज खाली आणायचं कारण नाही, हेही मी शिकवलं.

एक प्रश्न मात्र आम्हाला पुस्तकाबाहेर नेऊन सोडून देई. भूतकाळाचा धडा, ‘व्हॉट डिड यू ईट यस्टर्डे?’ सगळ्या जणी सांगत, ‘मटण.’ मंगळवारी मटण परवडणारी घरं मोहल्ल्यात किती, हे मला ठाऊक होतं. घरी शिजलेलं असे ते म्हशीचं, ‘बडे का’. २०१५ साली कायदा दुरुस्त होऊन गाईबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं मांस त्यातून वगळलेलं होतं. पण त्यानंतर डब्याचं झाकण उघडतानाही पोरं इकडंतिकडं पाहू लागली. ‘बीफ’ म्हटलं की ऐकणारा पुढचं ऐकतच नाही. मी फळ्यावर ‘बफेलो मीट’ लिहिलं. कायदेशीर, स्वच्छ, खरा शब्द. कुणीच तो वहीत उतरवून घेतला नाही. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणाली, ‘आपा, इंग्रजी चुकलं तर तुम्ही दुरुस्त कराल. हे खरं बोललं आणि कुणी ऐकलं, तर?’ त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी फळा पुसला आणि ‘यस्टर्डे आय एट दाल अँड राइस’ लिहिलं. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य निर्दोष होतं.

आमची एक सहलही झाली. प्रत्येकीनं शंभर-शंभर रुपये जमवले आणि आम्ही नऊ जणी सांगलीच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेलो. एकीच्या सासूबाई राखण म्हणून सोबत आल्या, त्या धरून दहा. त्यांतल्या सात जणींनी लग्नानंतर हॉटेलात पाऊलच ठेवलं नव्हतं. एकीनं ठेवलं होतं ते पडदा लावलेल्या ‘फॅमिली रूम’मध्ये, नवऱ्यानं मागवलेलं खायला. मेनूकार्ड इंग्रजीत. सगळ्या तयारीत. आणि वेटर निघाला बिहारकडचा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं! आमच्या ‘वुड लाइक’ला त्यानं मान हलवून विचारलं, ‘आंटी, आपके लिए क्या लाऊँ?’

तुमच्यासाठी काय आणू? प्रश्न तोच, फक्त हिंदीत. सगळ्यात आधी उत्तर आलं ते राखणीला आलेल्या सासूबाईंकडून. त्यांनी मेनूकार्डावरच्या फालुद्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मेरेकू येच होना.’ सुनेनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. सासूला काही ‘होना’ असतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. खालांनी चित्र बघून स्वीट कॉर्न सूप मागवलं. दोन चमचे घेतले, चमचा खाली ठेवला, आणि माझ्याकडं वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, ‘आय डोन्ट लाइक इट.’

सहा वर्षांत त्यांच्या तोंडून ‘आय’ने सुरू झालेलं ते पहिलं सरळ वाक्य. आम्ही टाळ्या वाजवल्या तसा आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. सूप कुणी वाया घालवलं नाही. ते शेजारणीला आवडलं. खालांनी बिर्याणी मागवली, आणि ती आपल्या पडवीतल्यापेक्षा बरी नाही, असा निकाल दिला.

वर्गातली एक मुलगी लग्न ठरून इंग्लंडला निघाली. नोव्हेंबर २०१० पासून ब्रिटननं जोडीदाराच्या व्हिसासाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा आवश्यक केली होती, ‘ए-वन’ पातळीची. आमच्याकडं एवन म्हणजे अव्वल; एवन बेकरी, एवन टेलर. युरोपच्या शिडीत मात्र सहा पायऱ्यांतली ती सगळ्यात खालची. ती पायरी ती चढली. खाण्याच्या धड्यावर तिची हुकमत होतीच.

२०२० च्या टाळेबंदीत माझा वर्ग थांबला तो थांबलाच. आता मोबाइलवर चित्र बघून बोट लावलं की बिर्याणी दारात येते. टेबलावरचा चौकोनी ठिपक्यांचा छाप मोबाइलला दाखवला की मेनू उघडतो. वेटरशी बोलायची गरज नाही, मग हा धडा हवाच कशाला, असं माझा नातू विचारतो. पण घरात मोबाइल कुणाच्या हातात आहे, आणि बोट लावण्याआधी तो कुणाकुणाला विचारतो, हे बघितलं की मला धडा जुना झाला असं वाटत नाही.

इंग्लंडातल्या त्या मुलीचा मध्यंतरी फोन आला. बाळंतपणासाठी इस्पितळात होती. जेवणाचं कार्ड घेऊन नर्स आली. हिनं हलाल जेवण मागितलं, काय हवं ते सांगितलं. त्याच वेळी शेजारच्या खाटेवरच्या सुनेला भेटायला तिची सासू आली होती, सिल्हेटकडची म्हातारी. दिवसभर तिथंच बसून. नर्सनं तिलाही काही हवं का म्हणून विचारलं, तर म्हातारी नुसतं हसून हात हलवत राहिली.

‘मग तू काय केलंस?’ मी विचारलं.

‘मी हिंदीत विचारलं, क्या खाएँगी? त्या म्हणाल्या, कुछ भी. मी पुन्हा विचारलं. कुछ भी. मी विचारतच राहिले, आपा. चौथ्यांदा म्हणाल्या, माछ. मग मी नर्सला सांगितलं नाही. त्यांनाच सांगायला लावलं.’

‘काय?’

‘फिश, प्लीज.’